पायरीबद्दल तक्रार नाही

१८ सप्टेंबर

प्रिय छोटी,

तुझे पत्रक परवाच्या टपालाने पोचले. आपल्या मंडळाच्या एकेचाळीस मोटरहोम-मालकांनी यंदा कंपनीची ग्राहक-समाधान पत्रके भरून माझ्याकडे दिली आणि त्यांत सर्वांत शेवटी आले ते माझ्या सख्ख्या बहिणीचे. चिटणिसाच्या घरचेच लोक उशीर करू लागले, तर मी इतरांना कोणत्या तोंडाने सांगावे? असो.

तुझे अक्षर अजून तसेच आहे. मागचा शब्द पुढच्या शब्दाला धक्के देत असतो. दरवर्षीप्रमाणे सर्वांच्या पत्रकांचे शुद्धलेखन नीट करून, स्वच्छ टंकलिखित करून ती कंपनीकडे रवाना केली. तुझी भाषा काही ठिकाणी जरा तापट होती, तेवढी निवळली. आशय शाबूत आहे, काळजी नसावी.

एक आनंदाची वार्ता. कंपनीच्या ग्राहक-संबंध अधिकाऱ्यांचे पत्र आले. ते लिहितात, ‘आपल्या मंडळाची पत्रके वाचणे हा आमच्या कार्यालयातला आनंदाचा दिवस असतो.’ गेल्या वर्षी आपल्या मंडळाचे समाधान शंभरात सत्त्याण्णव भरले. इतके कोणत्याही मंडळाचे नाही. याच कंपनीची तिसरी गाडी वापरणारा म्हणून वसंतातल्या मेळाव्यात ‘निष्ठावान मालक’ हे मानपत्र मला द्यायचे ठरले आहे. त्यांच्या नव्या माहितीपुस्तिकेत माझे एक वाक्यही छापले आहे: ‘चाकांवरच्या या घरातून उतरताना पाय निघत नाही.’ तुझ्या वहिनीने ते वाचले आणि पुस्तिका पालथी ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. तिला कौतुक करता येत नाही, हे तू जाणतेसच.

मेहुण्यांना नमस्कार. गाडी तुम्ही माझ्या सांगण्यावरून घेतलीत, याचा मला अभिमान वाटतो.

तुझा
दादा


११ जानेवारी

दादा,

हे पडले. मंगळवारी सकाळी गाडी एका तळ्याकाठच्या वाहनतळावर उभी होती. हे दोन्ही हातांत कप घेऊन दार ढकलून उतरायला गेले. दार उघडलं की आपोआप सरकणारी ती पायरी बाहेर आलेली मी डोळ्यांनी पाहिली. ह्यांनी पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी ती सर्रकन आत गेली. उजवा खुबा मोडला. गुरुवारी ऑपरेशन झालं. आत स्क्रू घातलेत. डॉक्टर म्हणतात, तीन महिने वॉकर.

माणसाने तीस वर्षं बस चालवली, एका प्रवाशाला ओरखडा येऊ दिला नाही, आणि स्वतः पडला तो उभ्या गाडीतून! शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘कप फुटले का?’ मी म्हटलं, कप फुटले, तुम्ही फुटलात, आता गप पडून राहा.

हे होणार असं मी लिहिलं होतंच ना रे? पत्रकात चांगलं पानभर लिहिलं होतं. सहा महिन्यांत ती पायरी माझ्या पायाखालून दोनदा गेली होती, हे तारखांसकट लिहिलं होतं. मग कंपनीने काही केलं का नाही? मी त्यांना रागाचं पत्र टाकलंय. तू सुधारायच्या आधीच टाकलं, रागावू नकोस.

वॉर्डात आठ खाटा आहेत. शेजारचे आजोबा ह्यांना रोज विचारतात, ‘कितव्या मजल्यावरून पडलात?’

छोटी


१६ जानेवारी

प्रिय छोटी,

पत्र वाचून मन अस्वस्थ झाले. मेहुण्यांची प्रकृती सावकाश का होईना सुधारते आहे, हे वाचून धीर आला. वहिनीने विणलेली शाल वेगळ्या टपालाने पाठवली आहे. मी स्वतः येणार होतो. परंतु मंडळाच्या मेळाव्याची कामे अंगावर आहेत आणि माझा घोटाही अधूनमधून दुखतो.

कंपनीला पुन्हा पत्र लिहिशील, तर ते शांतपणे लिही. रागाने लिहिलेल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही. अशा यंत्रणांत क्वचित बिघाड होतो. त्यासाठी अख्ख्या कंपनीला दोष देणे उचित नव्हे. शिवाय एक गोष्ट विचारून घे: मेहुण्यांना त्या सकाळी किंचित चक्कर तर आली नव्हती ना? या वयात ती येऊ शकते. मलाही येते.

त्यांना जपा. दोघांना आशीर्वाद.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

ह्यांना चक्कर आली नव्हती. तू हे विचारावंस याचं मला वाईट वाटलं, पण ते राहू दे. त्याहून मोठी गोष्ट झालीय.

कंपनीचं उत्तर आलं. ते म्हणतात, पायरीबद्दल आमच्याकडे एकाही मालकाची तक्रार नाही. आणि तुमचंच पत्रक सोबत जोडलं आहे, कृपया पाहावे. मी पाहिलं. त्यात असं आहे: ‘दाराच्या पायरीची यंत्रणा नावीन्यपूर्ण असून तिची सवय होण्यास थोडा अवधी लागतो. एकंदर अनुभव अत्यंत समाधानकारक.’ आणि ‘ही गाडी नातेवाइकांना सुचवाल का?’ ह्या प्रश्नाला उत्तर, ‘आनंदाने.’ खाली माझं नाव टाइप केलेलं!

दादा, ‘आनंदाने’ हा शब्द मी उभ्या जन्मात लिहिलेला नाही. मी लिहिलं होतं, ‘ही पायरी एक दिवस कोणालातरी पाडणार. आधी ती दुरुस्त करा, मग मला समाधान विचारा.’ तू तर आशय शाबूत आहे म्हणालास, म्हणजे तुझ्याकडून गेल्यावर माझं पत्रक बदललंय कोणीतरी. कंपनीतल्या लोकांनीच केलं असणार, दुसरं कोण करेल?

आणि आता परवाना कार्यालयाने ह्यांना नोटीस पाठवलीय. हॉस्पिटलने कळवलं की सत्तरीच्या चालकाचं पडून हाड मोडलं. पडण्याचं कारण काय, ते लिहून द्या म्हणतात. कंपनीने त्यांनाही कळवलं, ‘वयोमानानुसार तोल गेला असावा.’ ते तसंच फायलीत गेलं, तर ह्यांचा परवाना रद्द. चौदा मार्चला सुनावणी आहे. परवाना गेला तर ह्यांचं काय उरणार, तू जाणतोस. स्टिअरिंग सोडलं की ह्यांचे हात कुठे ठेवायचे ते ह्यांना कळत नाही. बसल्या जागी ताटाची कडा धरून वळवत बसतात.

तू चिटणीस आहेस. पत्रकं तुझ्या हातून गेली. तू एवढंच लिहून दे की मूळ पत्रकात पायरीची तक्रार होती आणि कंपनीने ती बदलली. तुझा शब्द ते मानतात.

छोटी


१० फेब्रुवारी

प्रिय छोटी,

पत्र पोचले. मजकूर गंभीर आहे. मी चौकशी करतो. पुरावा हाती नसताना कंपनीवर आरोप करणे योग्य होणार नाही. पत्रके पुष्कळ हातांतून जातात. घोटाळा नेमका कोठे झाला, हे इतक्यात सांगता येत नाही.

मेळाव्याच्या निमंत्रणांची मुद्रिते आजच तपासायची आहेत. म्हणून येथेच थांबतो.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

पुष्कळ हातांतून म्हणजे कोणाच्या? नावं सांग.

कंपनीचा ग्राहक-संबंध अधिकारी काल घरी येऊन गेला. माणूस फार गोड बोलतो. खुर्ची ह्यांच्या पलंगाजवळ ओढून बसला आणि म्हणाला, ‘काका, तुमच्या मेव्हण्यांच्या मंडळात एकेचाळीस मालक आहेत. एकालाही पायरीचा त्रास नाही. फक्त तुम्हालाच कसा होईल?’ मी बोलणार होते, पण ह्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘त्यांनाच विचारा. आमचे दादा स्वल्पविरामसुद्धा खोटा टाकणार नाहीत. ते सांगतील तेच मी मान्य करतो.’ अधिकाऱ्याने ते वहीत उतरून घेतलं आणि ह्यांची सही घेतली.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तेच सांगतात. डेपोतले जुने कंडक्टर आले, त्यांना सांगितलं. वॉर्डातले आजोबा भेटायला आले, त्यांनाही. फिजिओथेरपीवालीला तर ह्यांनी तू बारा वर्षांचा असताना गुरुजींच्या फळ्यावरची चूक दाखवून छड्या खाल्ल्यास, तीसुद्धा गोष्ट ऐकवली. ‘असा माणूस आहे तो,’ म्हणाले.

तुझं पत्र मला सुनावणीच्या आत हवंय. त्या पुस्तिकेतलं तुझं वाक्य अधिकाऱ्याने जाताजाता मला दाखवलं. उतरताना पाय निघत नाही. ह्यांचा निघाला, आणि निखळला.

छोटी


२५ फेब्रुवारी

छोटी,

हात एकच होता. माझा.

हे वाक्य लिहायला मला सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी लिहिलेल्या मसुद्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. तो मी खोडला. अनवधान नव्हते. तुझी तक्रार मी वाचली, तारखांसकट वाचली, आणि तिच्या जागी ते सवयीचे वाक्य बसवले. ‘आनंदाने’ हा शब्दही माझाच.

काल मी कपाटातली फाईल काढली. मूळ पत्रके मी फेकत नाही. मुद्रितशोधकाची जुनी सवय. चार वर्षांची सारी पत्रके जमिनीवर मांडून पुन्हा वाचली. एकट्या यंदाच्या एकेचाळीसांपैकी सव्वीस जणांनी पायरीबद्दल लिहिले आहे. ‘पायरी आत जाते’, ‘पायरीवर भरवसा नाही’, ‘नातवंडांना गाडीत घेत नाही’. एका शिंपीकाकांनी तर चित्र काढून दाखवले आहे. त्या चित्राखाली मी तांबड्या शाईने लिहिले होते, ‘आकृती अनावश्यक’.

हे कसे घडले, ते सांगतो. समर्थन म्हणून नव्हे. पहिल्या वर्षी तीनच पत्रके शिवराळ होती. ती तशी पाठवली, तर मंडळाची शोभा होईल असे वाटले, म्हणून सौम्य केली. मग कंपनीचे कौतुकाचे पत्र आले. छापखान्यात अडतीस वर्षे मी लोकांच्या चुका काढल्या. एवढ्या वर्षांत ‘तुमचे वाचून आनंद झाला’ असे मला कोणी लिहिले नव्हते. पुढच्या वर्षी मी आणखी सौम्य केले. तिसऱ्या वर्षी सौम्य करण्याजोगे काही उरू नये, इतका मी सराईत झालो. तक्रार सभ्य भाषेत मांडावी, असे मी सर्वांना बजावत असे. प्रत्यक्षात मी ती मांडतच नव्हतो.

याहून वाईट ते पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी माझा घोटा मुरगळला होता. बागेतल्या पाण्याच्या नळीत पाय अडकला, असे मी तुम्हां सर्वांना सांगितले. तो त्या पायरीवरून पडून मुरगळला होता. वहिनीने मला उचलले, आणि मी तिला गप्प राहायला लावले. त्या दिवसापासून आमच्या गाडीच्या दाराशी एक लाकडी स्टूल असते. पायरीवर आम्ही पाऊल ठेवत नाही.

गेल्या मेळाव्यात रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांमधून फिरताना माझ्या लक्षात आले की, जवळजवळ प्रत्येक दाराशी काहीतरी आहे. कोणाचा खोका, कोणाचे स्टूल, कोणाची उपडी बादली. मी थांबलो की मालक ते पायाने बाजूला सारायचा. मंडळातले दाताचे डॉक्टर म्हणाले, ‘हे आपलं कुंडी ठेवायला.’ कुंडी कोठेच नव्हती. मी निष्ठावान मालक. माझ्यासमोर प्रत्येक जण आपली भीती लपवत होता. मीही लपवत होतो. आम्ही सारे एकमेकांना ‘गाडी कशी आहे?’ असे विचारत होतो आणि ‘झकास!’ असे म्हणत होतो.

आणि तू गाडी घेतलीस. माझ्या सांगण्यावरून घेतलीस. किल्ली हातात घेऊन तू मला विचारलेस, ‘दादा, काही जपायचं असलं तर आत्ताच सांग.’ मी म्हणालो, ‘टायरमधली हवा बघत जा.’ त्या वेळी एक वाक्य बोलायचे होते: ‘पायरी वापरू नका.’ मी ते बोललो नाही. कारण ते बोललो असतो, तर पुस्तिकेतला माणूस खोटा ठरला असता.

चक्कर आली होती का, असे मी तुला विचारले. ते विचारताना मला सारे ठाऊक होते. एवढे झाल्यावरही मेहुण्यांच्याच माथी ते मारता येईल का, हे मी पाहत होतो. या साऱ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या एका वाक्याची.

वहिनीला आज सकाळी सर्व पत्रके दाखवली. तिने एकेक वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘तुम्ही लोकांचं दुखणंसुद्धा शुद्ध करून पाठवलंत.’ दुपारी तिने मला जेवायला वाढले. पण स्वतः माझ्यासमोर बसली नाही.

यंदाच्या मूळ सव्वीस पत्रकांच्या प्रती, आणि ती पत्रके मी बदलली असे माझ्या सहीचे निवेदन, आज कंपनीला व परवाना कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवले. मंडळाच्या प्रत्येक सभासदाला वेगळे पत्र लिहिले आहे. मानपत्र नको, असे कळवले. चिटणीसपद सोडले. सुनावणीला मी स्वतः हजर राहीन.

क्षमा मागण्याइतके धैर्य माझ्यात नाही. हे पत्र मेहुण्यांना वाचून दाखव.

दादा


४ मार्च

दादा,

नाही दाखवणार.

तुझं पत्र मी चार दिवस शिवणाच्या डब्यात ठेवलं. रोज काढते, पहिली ओळ वाचते, परत ठेवते. मी काय लिहू तुला? शिव्या द्याव्यात तर त्याही तू मनातल्या मनात दुरुस्त करून वाचशील.

टायरमधली हवा मी दर आठवड्याला बघत होते रे. न चुकता. तू सांगितलं होतंस म्हणून.

हे अजून सगळ्यांना सांगतात, दादा येतील, दादा बोलतील. काल वॉकर घेऊन खिडकीपर्यंत सात पावलं टाकली, आणि मला म्हणाले, ‘सुनावणीला मी उभा राहून दादांशेजारी बोलणार, बसून नाही.’ मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले.

हे सांगणं माझं काम नाही. तू ये, त्यांच्यासमोर बस, आणि तोंडाने सांग. कागद आणू नकोस. कागदावर तू फार चांगला दिसतोस.

छोटी


१६ मार्च

प्रिय छोटी,

सुनावणीच्या खोलीत दोघांनाच प्रवेश होता, त्यामुळे तू बाहेर बाकावर राहिलीस. तेथे काय झाले, हे मेहुण्यांनी तुला सांगितले असेल की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी तुझ्या घरी मी त्यांना सांगितले, तेव्हा तू मुद्दाम बाजारात गेली होतीस. मी कागद आणला नव्हता. तोंडपाठ केलेले सारे त्यांच्यासमोर बसताच नाहीसे झाले. ‘मी बदललं’ एवढेच बोललो, तेही दोनदा बोललो. कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेले नाही. त्यांना वाटले, मी मंडळाचा चिटणीस बदलल्याचे सांगतो आहे. ‘बरं झालं, दगदग होते,’ असे ते म्हणाले. मग मला पुन्हा, पूर्ण सांगावे लागले. नंतर त्यांनी पांघरुणाची कडा दोन्ही हातांत धरली आणि हळूहळू वळवू लागले. तू परत येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

सुनावणीत परवाना कार्यालयाच्या अधिकारीबाईंनी मला मूळ पत्रके मोठ्याने वाचायला सांगितली. काही अक्षरे त्यांना लागत नव्हती. मी सव्वीसही वाचली. तुझे वाचताना थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पाणी हवं का?’ मी नको म्हणालो आणि वाचले. तू लिहिले होतेस तसे, एकही शब्द न गाळता. शेवटी त्यांनी विचारले, ‘हे आधी का पाठवलं नाही?’ उत्तर द्यायला एकच शब्द होता, ‘कौतुकासाठी’; तो मी दिला. त्यांनी तो लिहून घेतला.

निर्णय तुला ठाऊक आहेच. पडण्याचे कारण पायरीतील दोष, अशी नोंद झाली. खुबा बरा झाल्यावर चाचणी घेऊन परवाना कायम ठेवतील. कंपनीने सर्व मालकांना पायरी न वापरण्याची सूचना काल धाडली. यंत्रणा बदलून देणार, असेही त्या पत्रात आहे. कंपनीच्या ग्राहक-संबंध अधिकारीमहाशयांनी मला वेगळे लिहिलेले नाही. मंडळातल्या एकेचाळीसांपैकी नऊ जणांनी उत्तर पाठवले. शिंपीकाकांच्या पत्रात फक्त ते चित्र आहे, पुन्हा काढलेले, जरा मोठे.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नसावी. उठता उठता अधिकारीबाईंनी मेहुण्यांना विचारले, ‘यांच्याबद्दल तुम्हाला काही नोंदवायचं आहे का? तक्रार?’ ते वॉकर धरून उभे होते. म्हणाले, ‘आहे.’ बाईंनी लेखणी उचलली. त्यांनी वॉकर दाराकडे वळवला. मग म्हणाले, ‘इथे नको.’

ते तुझ्याजवळ बोलतील, तेव्हा मला लिही. मला वाईट वाटेल म्हणून काही कमी करू नकोस.

दादा


२९ मार्च

दादा,

आज बोलले. वॉकर न घेता, भिंतीला धरून दारापर्यंत गेले, तिथेच पाठमोरे उभे राहून बोलले. मी लगेच कागद घेतला. जसंच्या तसं लिहिते.

‘पडलो त्याचं काही नाही, हाड जुळतं. पण मी महिनाभर येईल त्याला सांगत होतो, आमचे दादा खोटं बोलणार नाहीत. डेपोतल्या लोकांना सांगितलं, त्या म्हाताऱ्याला सांगितलं, त्या पोरीला सांगितलं. ते सगळे आता विचारतात, काय झालं, दादा बोलले का? त्यांना मी काय सांगू, ते दादांना विचार. मला तर सांगता येत नाही. मलाच लाज वाटते.’

एवढंच.

छोटी